विज्ञानाच्या वर्गात पहिलं कृतिसंशोधन कसं करावं

बी.एड.ला असताना कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण स्वतः तपासून त्यावर उपाय करून बघण्याचा, एक अहवाल प्रत्येकाने लिहिलेला असतो. विषयही साधारण ठरलेला: ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान विषयात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना’. पूर्वचाचणी घ्यायची, चार तक्ते काढायचे, उत्तरचाचणी घ्यायची, मध्यमान वाढलं असं दाखवायचं आणि ‘उपाययोजना परिणामकारक ठरली’ असं लिहून बाइंडिंगला टाकायचं. नोकरी लागल्यावर तो अहवाल कोणी उघडत नाही. उघडलाच तर मध्यमान सापडतं, प्रमाण विचलन सापडतं, पण एखाद्या मुलाने प्रश्नाला नेमकं काय उत्तर दिलं होतं ते सापडत नाही.

शाळेत विज्ञान शिकवायला लागून दोन-चार वर्षं झाली आहेत आणि आता स्वतःच्या वर्गात खरंच काही तपासून बघावंसं वाटतंय, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. शालेय विज्ञानातल्या संशोधनाचा कच्चा माल म्हणजे मुलांची चुकलेली उत्तरं, एवढंच माझं म्हणणं आहे. शून्य गुण देऊन पुढे गेलो की ती हातातून जातात. पुढच्या बहुतेक पायऱ्या ती उत्तरं जपून ठेवण्याच्या आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरतो: सेल, बल्ब आणि वायर.

पायरी १: प्रश्न लहान करा

‘मुलं विज्ञानात मागे का?’ हा प्रश्न एका शिक्षकाच्या आवाक्यातला नाही. त्यासाठी मोठी सर्वेक्षणं होतात. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, त्यातून आपला जिल्हा कुठे उभा आहे ते कळतं. पण आपल्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला बल्ब का पेटतो असं वाटतं, ते त्यातून कळत नाही. ते काम आपलं.

‘वीज’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘विद्युत परिपथ शिकवताना प्रयोगांचा उपयोग’ हेही नको, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. असं विचारा: बल्बमधून गेल्यावर विद्युतधारा कमी होते असं माझ्या आठवीतल्या किती मुलांना वाटतं? मोजून दाखवल्यावर त्यांचं मत बदलतं का? बदललेलं मत दोन महिन्यांनी टिकलेलं असतं का? यांतल्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशीही येऊ शकतात, आणि चार-सहा तासिकांत काम होतं. आठवीच्या पुस्तकात ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हे प्रकरण आहेच, त्यामुळे ‘अभ्यासक्रम मागे पडतोय’ असं कोणी म्हणणार नाही.

प्रश्न सुचत नसेल तर गेल्या सत्राच्या उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी मागून घ्या. एकच चूक आठ-दहा मुलांनी केलेली दिसली, आणि ती एकमेकांचं बघून केलेली नसेल, तर तिथे काहीतरी आहे.

पायरी २: आधी काय सापडलंय ते वाचा

ही पायरी लोक टाळतात, आणि मग जे चाळीस वर्षांपूर्वी माहीत झालंय ते नव्याने शोधतात. विजेबद्दल न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न यांनी १९८०च्या सुमारास मुलांशी बोलून त्यांच्या डोक्यातली चार चित्रं नोंदवली. पहिलं: सेलपासून बल्बपर्यंत एक वायर पुरते, दुसरी उगाच. दुसरं: सेलच्या दोन्ही टोकांकडून काहीतरी निघतं आणि बल्बमध्ये त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. तिसरं: धारा एका दिशेने जाते, बल्ब त्यातली थोडी खातो, उरलेली परत येते. चौथं: धारा जेवढी जाते तेवढीच परत येते. शास्त्राला मान्य असलेलं हे शेवटचं. बल्बमध्ये ऊर्जेचं रूपांतर होतं, धारा संपत नाही.

नंतर अनेक देशांत हीच चित्रं पुन्हा पुन्हा सापडली. आणि हो, प्रश्नपत्रिका मुलांना देण्याआधी स्वतः सोडवा, स्टाफरूममध्येही एक फिरवून बघा. तिसरं चित्र मोठ्यांच्या डोक्यातही मजेत नांदत असतं.

मुलांच्या कल्पना सगळीकडे सारख्याच असतात असंही नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दल अमेरिकेतल्या मुलांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच संशोधकांनी हैदराबादच्या मुलांशी बोलून १९९६ साली आणखी एक लेख लिहिला. हैदराबादच्या बऱ्याच मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. त्यांनी घरी ऐकलेल्या गोष्टी शाळेतल्या गोलाला जोडून घेतल्या होत्या. म्हणजे परदेशी यादी हाताशी ठेवायची, पण आपल्या वर्गात पाचवं-सहावं चित्र निघालं तर ते चूक म्हणून खोडायचं नाही.

वाचायचं कुठे? मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, १९७४ पासूनचं. विज्ञान शिक्षणावरच्या संशोधनासाठी देशात सगळ्यात आधी नाव घ्यावं असं हे ठिकाण, आणि त्यांचं बरंच साहित्य संकेतस्थळावर मोफत मिळतं. केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांच्या काळात वंचित घरांतल्या मुलांबरोबर जे काम झालं, त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: पुस्तकाची भाषाच मुलांना अडवते, विज्ञान नंतर. प्रश्नपत्रिका करताना हे लक्षात राहू द्या. मराठीत पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक आणि अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची पुस्तकं चाळा. इंग्रजी वाचायचा कंटाळा येत असेल तर लेखाचा गोषवारा आणि शेवटी जोडलेली प्रश्नावली एवढं वाचलं तरी सुरुवातीला भागतं.

पायरी ३: परवानगी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. पालकसभेत दोन वाक्यांत सांगा आणि संमतीच्या कागदावर सह्या घ्या. मुलांना सांगा की याचे गुण धरले जाणार नाहीत, आणि ते पाळा. हजेरी क्रमांकाऐवजी वेगळे सांकेतिक क्रमांक द्या आणि त्यांची यादी कपाटात कुलपात ठेवा. मुलाच्या गमतीदार उत्तराचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होतो. टाकू नका.

पायरी ४: प्रश्नपत्रिका

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. ‘विद्युत परिपथ म्हणजे काय?’ या प्रश्नाला पाठांतर असलेलं मूल पूर्ण गुण घेऊन जातं आणि आपल्याला काहीच कळत नाही. ‘योग्य पर्याय निवडा’ घातलं तर तुक्काही बरोबर येतो. यावर ऑस्ट्रेलियात डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ साली मांडलेली द्विस्तरीय प्रश्नांची पद्धत नवख्या माणसाला फार सोयीची आहे. पहिल्या स्तरात काय होईल ते विचारायचं, दुसऱ्या स्तरात का ते. दोन्ही बरोबर असतील तरच समजलं असं धरायचं.

आपल्या उदाहरणात असं: एक सेल, एक बल्ब, दोन वायर, बल्ब पेटलेला. सेलकडून बल्बकडे जाणाऱ्या वायरला अ म्हणा, परत येणारीला ब. अ मध्ये धारा जास्त, ब मध्ये जास्त, दोन्हींत सारखी, की ब मध्ये धाराच नाही? हा पहिला स्तर. त्याखाली कारणांचे पर्याय: बल्बने थोडी वापरली, दोन्हीकडून येऊन बल्बमध्ये भिडते, धारा बल्बमध्ये संपते, वाट एकच असल्याने सगळीकडे तेवढीच. शेवटी एक मोकळी ओळ: ‘तुझं कारण यात नसेल तर इथे लिही.’

एक पथ्य मात्र पाळा. कारणांचे पर्याय मनाने लिहू नका. आधी दुसऱ्या तुकडीला किंवा नववीच्या मुलांना पर्याय न देता प्रश्न द्या, त्यांनी जी कारणं लिहिली ती त्यांच्याच शब्दांत पर्याय म्हणून घ्या. मुलं ‘करंट’ म्हणत असतील तर प्रश्नातही ‘करंट’ चालेल. मुलाला प्रश्नच कळला नाही म्हणून उत्तर चुकलं, तर ते मोजमाप आपल्या भाषेचं झालं.

असे सहा-सात प्रश्न पुरेत. त्यांतला एक चित्राचा हवाच: ‘एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर आहे. बल्ब पेटवायचा आहे. कसं जोडशील ते काढून दाखव.’ हा प्रश्न दिसतो साधा, पण मुलांची चित्रं नीट बघा. बऱ्याच चित्रांत वायर सेलच्या टोकाला आणि बल्बच्या खालच्या टिकलीला जोडलेली, बास. काहींत वायर बल्बच्या काचेला चिकटवलेली. बल्बला स्वतःची दोन टोकं असतात, एक खालची टिकली आणि एक बाजूचं आट्यांचं धातूचं नळकांडं, आणि आतली तार या दोन्हींना जोडलेली असते, हे मुलांना कोणी दाखवलेलंच नसतं. होल्डरमध्ये बसवलेला बल्ब वापरला की ही गोष्ट झाकली जाते. म्हणून पहिल्या दिवशी होल्डर नको.

साहित्याबद्दल जाता जाता. हल्ली टॉर्चमध्ये एलईडी असतात आणि जुना अडीच व्होल्टचा तारेचा बल्ब दुकानात चटकन मिळत नाही. म्हणून एलईडीवर भागवू नका. तो एकाच दिशेने जोडला तर पेटतो, आणि एका दीड व्होल्टच्या सेलवर तर पेटतच नाही. मुलांचं जोडणं बरोबर असूनही उजेड पडत नाही आणि सगळा अभ्यास भलतीकडे जातो. शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात तारेचे बल्ब मिळतात, थोडे जास्तच आणा. वायरच्या टोकांवरचं प्लॅस्टिक नीट सोललंय का तेही आदल्या दिवशी बघा.

पायरी ५: पाच-सहा मुलांशी बोला

कागदावर सगळं येत नाही. हुशार-ढ असा भेद न करता वेगवेगळी उत्तरं लिहिलेली पाच-सहा मुलं निवडा, मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यात बसवा, हातात सेल-बल्ब द्या आणि बोलतं करा. साधारण असं बोलणं होतं:

‘ही वायर कशाला?’
‘करंट बल्बला जायला.’
‘आणि ही दुसरी?’
‘उरलेला करंट परत न्यायला, सर.’
‘उरलेला म्हणजे?’
‘बल्बने वापरून झाल्यावरचा.’

या क्षणी जीभ शिवशिवते. समजावून सांगायचं नाही, मानही हलवायची नाही. फक्त ‘अजून सांग’ म्हणायचं आणि थांबायचं. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद फार लांब वाटतात, घड्याळ लावून बघा.

पायरी ६: उत्तरांची वर्गवारी

गठ्ठा घेऊन बसा आणि आधी कुठलेही रकाने न आखता सगळी उत्तरं एकदा वाचून काढा. मग सारखी वाटणारी एकत्र ठेवा. प्रत्येक ढिगाऱ्याला नाव आणि दोन ओळींची व्याख्या द्या: कोणतं उत्तर यात बसेल, कोणतं नाही. ‘इतर’चा ढीग सगळ्यात मोठा झाला तर वर्गवारी चुकली आहे, पुन्हा मांडा. नंतर दहा उत्तरपत्रिका आणि फक्त व्याख्या एखाद्या सहकाऱ्याला द्या. त्यांची आणि तुमची वर्गवारी आठ-नऊ ठिकाणी जुळली तर ठीक. निम्म्यात जुळली तर दोष त्यांचा नाही, व्याख्येचा आहे.

पायरी ७: आता शिकवा

इतकं झाल्यावर शिकवणं बदलतंच. धारा वापरून संपते असं मुलांना वाटत असेल तर नुसतं ‘संपत नाही’ सांगून भागत नाही. आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, मग बल्बच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून मोजा. बाजारातला स्वस्त मल्टिमीटर चालतो, पण त्याची मिलिअँपिअरची पट्टी बहुधा २०० पर्यंतच असते आणि टॉर्चचा बल्ब त्याहून जास्त धारा घेऊ शकतो. आतला फ्यूज उडतो आणि तास वाया जातो. दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये वायर घाला. दोन मीटरच्या आकड्यांत शेवटच्या स्थानी एकाचा फरक दिसला की ‘बघा, झाली ना कमी!’ असा गलका होणार. तेव्हा मीटरची अदलाबदल करा. फरक मीटरबरोबर सरकला, की वाद मुलंच मिटवतात.

काय शिकवलं, किती तासिका, कोण गैरहजर, मधेच कुठला कार्यक्रम आला, हे रोज चार ओळींत लिहा. उपाययोजना म्हणजे नेमकं काय केलं ते अहवालात नसेल तर वाचणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पायरी ८: पुन्हा विचारा, आणि परत एकदा विचारा

शिकवून झाल्यावर लगेच उत्तरचाचणी घेतली की आकडे छान येतात. खरी चाचणी दोन महिन्यांनी, न सांगता. ऑस्बर्न यांच्या कामानंतरच्या एका अभ्यासात काही मुलांना काही महिन्यांनी मीटरवरचे आकडे वेगवेगळे होते असंच आठवत होतं. डोळ्यांनी सारखे पाहिले होते, तरी! डोक्यातल्या चित्राने आठवण दुरुस्त करून टाकली होती. माझ्या मते शालेय विज्ञानातला हा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष आहे, आणि बी.एड.च्या अहवालांत उशिराची चाचणी जवळजवळ नसतेच.

मोजणी साधी ठेवा. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या ६२ भौतिकशास्त्र वर्गांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची तुलना करताना एक सोपं माप वापरलं: जितकी वाढ शक्य होती त्यातली किती झाली. समजा पूर्वचाचणीत वर्गाची सरासरी ३५ टक्के होती आणि नंतर ६१ झाली. वाढ २६ ची, शक्य होती ६५ ची. २६ भागिले ६५ म्हणजे ०.४. हेक यांच्या नोंदीत निव्वळ व्याख्यान पद्धतीच्या वर्गांची सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना सतत विचार-चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८ होती. ते कॉलेज-हायस्कूलचे वर्ग आणि त्यांची चाचणी वेगळी, त्यामुळे आपला आकडा त्याला भिडवून मिरवायचा नाही, फक्त अंदाज येतो.

याहून मोलाचा आहे एक छोटा तक्ता: पूर्वचाचणीत कोणत्या ढिगाऱ्यातली किती मुलं होती आणि नंतर ती कोणत्या ढिगाऱ्यात गेली. ‘टक्कर’वाली मुलं ‘वापरली’ या गटात सरकली असतील, तर गुणांत शून्य फरक दिसतो, पण मूल पुढे सरकलेलं असतं. टी मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासायचा आकडा) काढायचं तर काढा, हरकत नाही. मात्र अ तुकडी प्रायोगिक (नव्या पद्धतीने शिकवलेली) आणि ब तुकडी नियंत्रित (नेहमीसारखी शिकवलेली) असं मांडताना तुकड्या गुणांवर पाडल्या आहेत का, ते आधी बघा. पाडल्या असतील तर ती तुलना लंगडी आहे, आकडेशास्त्र कितीही घातलं तरी.

मूल्यमापनाशी हे कसं जोडायचं

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात आकारिक (शिकवता शिकवता होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला आकारिकचा वाटा ४० ठेवला होता, संकलितचा ६०. आकारिकच्या साधनांत तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, दैनंदिन निरीक्षण आहे. म्हणजे वर सांगितलेलं बहुतेक काम नोंदवहीत बसतंच. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात आणि ‘प्रयोग काळजीपूर्वक करतो’ हे वाक्य चाळीस मुलांपुढे उतरवलं जातं. त्याऐवजी ‘धारा बल्बमध्ये कमी होते असं मानतो; मीटर पाहून मत बदललं’ असं एक वाक्य लिहिलं, तर नोंदही झाली आणि संशोधनाची माहितीही. पायरी तीनमधला शब्द मोडत नाही. गुण द्यायचे नाहीत, नोंद करायची.

वहीवर लिहितानाही सांभाळा. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त शेरा मिळाला ती मुलं सुधारली. ज्यांना फक्त गुण मिळाले ती नाही. आणि ज्यांना गुण व शेरा दोन्ही मिळाले तीही नाही. गुण दिसले की शेरा वाचलाच जात नाही, हे आपण रोज बघतो. या चाचण्यांच्या कागदावर गुण लिहूच नका, एखादा प्रश्न लिहून परत द्या.

परीक्षा वेगळी घेता येते याचा दाखलाही शेजारच्याच राज्यात आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं परीक्षेला पुस्तक-वही घेऊन बसत आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा असे. पुढे तो जिल्हाभर गेला आणि तीस वर्षं, सरकारने २००२ मध्ये बंद करेपर्यंत, सरकारी शाळांत चालला.

पायरी ९: लिहा आणि दाखवा

‘प्रस्तावना, गरज, महत्त्व, व्याप्ती, मर्यादा’ या साच्यात अर्धा अहवाल संपतो आणि मुलं येतात विसाव्या पानावर. तसं नको. पहिल्या पानावर प्रश्न आणि दोन मुलांची चित्रं. मग काय केलं, काय दिसलं, काय फसलं. ज्यांच्यात बदल झाला नाही त्या मुलांवर एक पूर्ण परिच्छेद.

दाखवायला पहिली जागा म्हणजे आपली शाळा ज्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, येते त्याची शिक्षण परिषद. तिथे केंद्रप्रमुखांना आधी सांगून पंधरा मिनिटं मागून घ्या. पुढे जिल्ह्याची डायट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), एससीईआरटीची (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची) नवोपक्रम स्पर्धा. स्पर्धेला पाठवताना यशोगाथा लिहायचा दबाव असतो, तरी न टिकलेल्या बदलाचे आकडे गाळू नका. इंग्रजीची भीड नसेल तर होमी भाभा केंद्राची ‘एपिस्टेम’ परिषद आहे, तिथे देशोदेशीचे विज्ञान शिक्षणातले संशोधक येतात.

आठ-दहा पानं पुरतात. शेवटी कोरी प्रश्नपत्रिका, वर्गवारीच्या व्याख्या आणि नावं झाकलेली मुलांची चित्रं जोडा, म्हणजे शेजारच्या शाळेतल्या बाईंना पुढच्या वर्षी तुम्हाला फोन न करताही तोच अभ्यास त्यांच्या आठवीत करून बघता येईल.